कोलेस्टेरॉलच्या गोळ्या देताना: फार्मासिस्टने काय विचारावे, काय सांगावे

कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाला त्याचा त्रास असा काही जाणवत नाही. दुखत नाही, ताप येत नाही, धाप लागत नाही. गोळी सुरू केल्यावर बरे वाटत नाही आणि बंद केल्यावर वाईटही वाटत नाही. म्हणून ही औषधे सुटतात तेव्हा बहुधा गुपचूप सुटतात. डॉक्टरांना पुढच्या तपासणीपर्यंत पत्ता नसतो, घरच्यांनाही कल्पना नसते. स्ट्रिप संपून गेली तरी माणूस फिरकला नाही, हे सगळ्यांत आधी कळू शकते ते गोळ्या देणाऱ्या फार्मासिस्टला. त्यामुळे या रुग्णांशी केव्हा, काय आणि कोणत्या शब्दांत बोलायचे हे त्याने आधीच ठरवून ठेवायला हवे.

पहिली चिठ्ठी आली की

गोळी हातात देण्याआधी दोन-तीन मिनिटे विचारपूस करा. पहिला प्रश्न: औषध कशासाठी सुरू झाले? हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात होऊन गेला आहे, की फक्त रिपोर्टमधला आकडा वाढला आहे? पहिल्या गटातल्या रुग्णाला सहसा स्टॅटिनचा (यकृतात बनणारे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांचा) जोरकस डोस लागतो: अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० मि.ग्रॅ. किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मि.ग्रॅ. या डोसने एलडीएल (रक्तवाहिन्यांत साठणारे 'वाईट' कोलेस्टेरॉल) निम्म्यावर किंवा त्याच्याही खाली यावे अशी अपेक्षा असते. नुकतीच अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाच्या चिठ्ठीवर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० दिसले, तर डॉक्टरांना फोन करून विचारा. वय, मूत्रपिंडाचा आजार किंवा आधी झालेली स्नायुदुखी असे कारण असू शकते, किंवा जुनी चिठ्ठी तशीच उतरवली गेली असेल.

मग बाकीची चौकशी. दुसरी कोणती औषधे चालू आहेत? इथे दुसऱ्या दुकानातून घेतलेली, जडीबुटीची आणि 'ते काय, नुसते टॉनिक आहे' म्हणून सांगायची राहून गेलेलीही धरा. गरोदरपण आहे का, तसा विचार आहे का, बाळ अंगावर पिते का? असे असेल तर गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोलणे झालेच पाहिजे, कारण गरोदरपणात बहुतेक स्त्रियांचे स्टॅटिन थांबवतात आणि स्तनपानाच्या काळात ते देत नाहीत. थायरॉइड कमी आहे का? उपचार न झालेल्या हायपोथायरॉइडिझममुळे एलडीएल वाढतो आणि स्टॅटिनने स्नायू दुखण्याचा धोकाही वाढतो. कधी कधी थायरॉइडची गोळी लागू पडल्यावर कोलेस्टेरॉलचा आकडा आपोआप उतरतो.

मूत्रपिंड अधू असेल तर गोळी कोणती आहे ते पाहा. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचा डोस मूत्रपिंडासाठी बदलावा लागत नाही. रोसुव्हास्टॅटिनचा लागतो: क्रिअ‍ॅटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंड रक्त किती गाळते त्याचे माप) ३० च्या खाली असून डायलिसिस चालू नसेल, तर सुरुवात ५ मि.ग्रॅ.ने आणि कमाल १० मि.ग्रॅ. आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी साधारण दुपटीपर्यंत चढते, म्हणून त्यांनाही ५ मि.ग्रॅ.पासून सुरू करण्याचा सल्ला असतो. हा मुद्दा चिठ्ठी तपासताना हमखास निसटतो.

सुरू करण्याआधीचा लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) आणि साखर यांचे आकडे नोंदवून ठेवा. सुरुवातीचा आकडाच नसेल, तर औषधाने किती फरक पडला हे पुढे कळणार कसे?

रुग्णाला सांगायचे ते

एका दमात दहा गोष्टी सांगितल्या तर दारापर्यंत जाईतो त्यातल्या आठ विसरल्या जातात. पहिल्या भेटीत तीनच सांगा: गोळी काय करते, केव्हा घ्यायची, आणि काय झाले तर ताबडतोब कळवायचे. शब्द असे असू शकतात: "ही गोळी रक्तवाहिन्यांत चरबीचा थर साठायला आळा घालते, म्हणून हार्ट अटॅक आणि पक्षाघाताचा धोका कमी होतो. ती काम करते आहे हे तुम्हाला जाणवणार नाही, रिपोर्टमध्ये दिसेल. सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासा आणि रिपोर्ट मला दाखवायला आणा." आकड्यांत रस असलेल्या रुग्णाला हेही सांगता येते की एलडीएल दर डेसिलिटरमागे सुमारे ३९ मि.ग्रॅ.ने उतरला की हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात.

एक गैरसमज मात्र त्याच दिवशी दूर करा. रिपोर्ट नॉर्मल आला की गोळी बंद करायची, असे फार जणांना वाटते. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे. ती थांबवली की काही आठवड्यांतच तो पुन्हा जुन्या जागी जातो. बोलणे झाल्यावर "मग आता गोळी कशी घेणार ते मला सांगा बरं," असे विचारून रुग्णाच्या तोंडून ऐका. गडबड कुठे आहे ते तेवढ्यात लक्षात येते.

वेळेबद्दल. यकृत रात्री जास्त कोलेस्टेरॉल बनवते. सिम्व्हास्टॅटिन शरीरात थोडेच तास टिकते, म्हणून ते संध्याकाळी किंवा रात्री घ्यायचे. साधी लोव्हास्टॅटिन संध्याकाळच्या जेवणासोबत. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनचे अर्धायुष्य (रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) सुमारे १४ तास आणि रोसुव्हास्टॅटिनचे सुमारे १९ तास असते, त्यामुळे ही दोन औषधे दिवसात कधीही, जेवणाआधी किंवा नंतर, चालतात. तरीही सगळ्याच स्टॅटिनच्या पाकिटावर सवयीने 'रात्री एक' लिहिले जाते. ज्याच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या सकाळी असतात, त्याची ही एकटी रात्रीची गोळी सारखी राहून जाते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून ती सकाळच्या गोळ्यांत घाला. एवढ्याशा बदलाने जितकी नियमितता येते, तितकी दहा वेळा समजावूनही येत नाही.

गोळी चुकली तर आठवल्यावर घ्या. पुढच्या गोळीला १२ तासांहून कमी वेळ उरला असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

डोस दुप्पट, परिणाम दुप्पट नाही

स्टॅटिनचा डोस दर वेळी दुप्पट केला की एलडीएल आणखी फक्त सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन १० मि.ग्रॅ.ने तो साधारण ३९ टक्के कमी होतो, २० ने ४३ आणि ४० ने ५०. परिणामाचा मोठा वाटा पहिल्याच पायरीवर मिळून जातो. रुग्णाला हे ठाऊक असावे, म्हणजे "दोन घेतल्या तर लवकर उतरेल" असा प्रयोग तो करत नाही.

याच कारणाने डॉक्टर कधी कधी डोस न वाढवता एझेटिमाइब १० मि.ग्रॅ. जोडतात. ते आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण अडवते आणि एलडीएल आणखी सुमारे २० टक्के खाली आणते. दुसरी गोळी दिसली की रुग्णाला वाटते, आजार वाढला. दोन गोळ्या दोन वेगळ्या दारांवर उभ्या आहेत, एक यकृतात आणि एक आतड्यात, असे सांगितले की पटते.

स्नायू दुखतात अशी तक्रार आली तर

स्टॅटिन सोडण्याचे सगळ्यांत जास्त सांगितले जाणारे कारण हेच आहे आणि फार्मासिस्टची खरी गरजही इथेच लागते. "गोळीचाच त्रास आहे, बंद करा" हे उत्तर चुकीचे आणि "काही नाही हो, वयामुळे होतं" हेही चुकीचे. आधी नीट विचारा. कुठे दुखते? दोन्ही बाजूंना की एकाच? कधीपासून, आणि गोळी किंवा डोस कधी बदलला? मधे नवा व्यायाम, जड काम, ताप, नवे औषध असे काही झाले का?

स्टॅटिनची दुखणी सहसा दोन्ही बाजूंना आणि मोठ्या स्नायूंत होतात: मांड्या, पोटऱ्या, कुल्ले, खांदे. औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवडे ते काही महिन्यांत ती सुरू होतात. एकच गुडघा दुखणे, सांधा सुजणे, मुंग्या येणे, पाठीतून पायात कळ जाणे ही लक्षणे दुसऱ्याच कशाची तरी असण्याची शक्यता जास्त.

२०२० साली प्रसिद्ध झालेला सॅमसन नावाचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन सोडलेल्या लोकांना वर्षभरात काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून पालटून देण्यात आले. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास नुसत्या नकली गोळीनेही झाला. म्हणजे दुखणे खरे होते, पण बहुतेक वेळा त्याचे कारण गोळीतले रसायन नव्हते. हे रुग्णाला सांगताना भाषा फार जपून वापरा. "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे सुचवणारा एक शब्दही गेला, तर तो माणूस पुन्हा तुमच्याशी बोलणार नाही. "दुखतंय हे खरंच आहे. ते गोळीनेच होतंय का, हे आपण डॉक्टरांना विचारून तपासू या," एवढे पुरते.

तपासणी म्हणजे रक्तातला सीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम. जोरदार व्यायामानेही सीके वाढतो, म्हणून रक्त देण्याआधीचे काही दिवस अंगमेहनतीचा व्यायाम टाळायला सांगा. सीके नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या चार पटींच्या आत आणि दुखणे सोसण्यासारखे असेल, तर डॉक्टर बऱ्याचदा औषध चालू ठेवून पुन्हा तपासतात. दहा पटींच्या वर गेला तर औषध थांबवतात. लघवी चहासारखी तपकिरी होणे, जिना चढता न येण्याइतकी अशक्तता किंवा स्नायुदुखीसोबत ताप ही लक्षणे असतील तर सीकेच्या रिपोर्टची वाट पाहायची नाही: पुढची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्नायूंचा चुरा होऊन मूत्रपिंड बंद पडण्याचा हा प्रकार अत्यंत विरळा आहे, पण उशीर परवडणारा नाही. औषध थांबवून अनेक आठवडे झाले तरी अशक्तता वाढतच असेल, तर तेही डॉक्टरांना कळवा. स्नायूंवर प्रतिकारशक्तीच उलटण्याचा एक दुर्मीळ आजार असा सुरू होतो.

त्रास गोळीचाच वाटला, तरी रस्ता तिथे संपत नाही. साधारण दोन ते चार आठवडे खंड, मग कमी डोस, दुसरे स्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन दिवसाआड, असे पर्याय डॉक्टर वापरतात आणि बहुतेकांना त्यातले काहीतरी सोसते. म्हणूनच नोंदीत 'स्टॅटिनची अ‍ॅलर्जी' असे लिहू नका. त्या दोन शब्दांमुळे पुढचा प्रत्येक डॉक्टर ते औषध कायमचे टाळतो. औषध कोणते, डोस किती, कितव्या आठवड्यात काय दुखले, सीके किती आणि थांबवल्यावर किती दिवसांत बरे वाटले, असे सविस्तर लिहा.

दुसऱ्या औषधांशी होणारी टक्कर

सिम्व्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन यकृतातल्या सीवायपी ३ए४ या एन्झाइमवर सर्वांत जास्त अवलंबून असतात, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन त्याहून कमी. रोसुव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन आणि पिटाव्हास्टॅटिन फारसे नाहीत. हे एन्झाइम अडवणारे औषध आले की स्टॅटिन रक्तात साचते आणि स्नायूंना इजा होते.

नेहमी समोर येणारा प्रसंग: सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्याला दुसऱ्या डॉक्टरांनी सात दिवसांचे क्लॅरिथ्रोमायसिन दिले. ही जोडी एकत्र द्यायची नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन चालेल का ते डॉक्टरांना विचारा, नाहीतर तेवढे दिवस सिम्व्हास्टॅटिन थांबवायचे. एरिथ्रोमायसिन, इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल आणि एचआयव्हीवरची प्रोटीएझ रोधक औषधे यांनाही हाच नियम. रुग्ण अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनवर असेल, तर क्लॅरिथ्रोमायसिन किंवा इट्राकोनाझोलसोबत डोस २० मि.ग्रॅ.च्या वर जाऊ देऊ नये. थोड्या दिवसांसाठी स्टॅटिन थांबवले, तर ते पुन्हा सुरू करण्याची तारीख स्ट्रिपवरच पेनने लिहून द्या. अँटिबायोटिक संपते, पण थांबलेली गोळी तशीच थांबून राहते.

रक्तदाब आणि हृदयाच्या औषधांसोबत सिम्व्हास्टॅटिनच्या मर्यादा पाठ असाव्यात: अम्लोडिपिन किंवा अमायोडॅरोनसोबत कमाल २० मि.ग्रॅ., डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिलसोबत १०, टिकॅग्रेलोरसोबत ४०. अम्लोडिपिन घेणारे इतके असतात की सिम्व्हास्टॅटिन ४० ची चिठ्ठी आली की बाकीची यादी पाहिल्याशिवाय गोळी देऊच नये. जेमफायब्रोझिल (फायब्रेट गटातले, ट्रायग्लिसराइड नावाची रक्तातली चरबी कमी करणारे औषध) कोणत्याही स्टॅटिनसोबत टाळावे. फायब्रेट हवेच असेल तर डॉक्टर फेनोफायब्रेट निवडतात. सायक्लोस्पोरिन चालू असेल तर रोसुव्हास्टॅटिन ५ मि.ग्रॅ.च्या वर नाही. कोल्चिसिनसोबत स्नायूंवर लक्ष ठेवायला सांगा. फ्युसिडिक अ‍ॅसिड पोटात घ्यायचे असेल तर स्टॅटिन थांबवतात आणि ते संपल्यावर सात दिवसांनी पुन्हा सुरू करतात. मलमाला ही अडचण नाही.

रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्याला दोन गोष्टी सांगायच्या. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचे अँटासिड एकाच वेळी घेतले तर औषध जवळपास निम्मेच अंगी लागते, म्हणून अँटासिड गोळीनंतर दोन तासांनी घ्यायचे. आणि वॉर्फरिन चालू असेल तर सुरू करताना व डोस बदलताना आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचे माप) तपासायचा. ग्रेपफ्रूट सिम्व्हास्टॅटिनसोबत पूर्ण टाळावे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनसोबत रसाचे मोठे प्रमाण टाळले तरी पुरे.

एकच औषध दोनदा

इस्पितळातून घरी आलेल्या रुग्णाकडे जुनी गोळी असतेच आणि नव्या यादीत वेगळ्या ब्रँडची तीच गोळी येते. त्यातून स्टॅटिन आता एझेटिमाइब, अम्लोडिपिन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांच्याबरोबर एकाच कॅप्सूलमध्येही मिळते. ब्रँडच्या नावावरून काही कळत नाही. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून आणायला सांगा आणि प्रत्येकीवरचे घटक वाचा. 'नैसर्गिक' म्हणून विकले जाणारे रेड यीस्ट राइसही पाहा: त्यातले मोनाकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. स्टॅटिनसोबत ते घेतले की दुहेरी डोस झाला.

गोळ्यांचा हिशेब

रुग्णाने १२० दिवसांत ३० गोळ्यांचे तीन संच नेले, म्हणजे १२० पैकी ९० दिवस औषध हाताशी होते: ७५ टक्के. ८० टक्क्यांच्या खाली गेले की नियमितता कमी पडते असे धरतात. हा हिशेब दुकानातल्या नोंदीवरून एका मिनिटात होतो. आकडा समोर असला की आरोप न करता बोलता येते.

"गोळ्या वेळेवर घेता ना?" असे विचारलेत तर उत्तर हो असेच येते. "मागच्या आठवड्यात किती गोळ्या राहिल्या?" असे विचारा. राहणे हे गृहीतच धरल्यामुळे खरे सांगायला संकोच वाटत नाही. मग कारण शोधा, कारण प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे. विसरणाऱ्याला वारांचे कप्पे असलेली डबी आणि रोजच्या एखाद्या सवयीशी जोडलेली वेळ. खर्चाने अडलेल्यासाठी त्याच औषधाचा स्वस्त जेनेरिक पर्याय. प्रवासात संपलेल्यासाठी सगळ्या गोळ्या एकाच तारखेला संपतील अशी जुळणी. आणि भीतीने सोडणाऱ्याशी बसून बोलणे.

भीती बहुधा यकृताची असते. एसजीपीटी थोडा वाढणे अधूनमधून दिसते आणि बऱ्याचदा आपोआप उतरते. नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर जाऊन टिकला तर डॉक्टर औषधाचा फेरविचार करतात. यकृताची गंभीर इजा इतकी विरळा आहे की अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये ठरावीक काळाने एसजीपीटी तपासत राहण्याची शिफारसच काढून टाकली. सुरू करण्यापूर्वी आणि लक्षणे दिसल्यास तपासणी पुरे. डोळे पिवळे होणे, गडद लघवी, भूक पार मरणे ही ती लक्षणे. साखर किंचित वाढू शकते, मुख्यतः जे आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर असतात त्यांची; हृदयाला मिळणारा फायदा त्याहून बराच मोठा आहे.

रिपोर्ट हातात आला की

सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, नंतर ३ ते १२ महिन्यांनी. ताप किंवा मोठे आजारपण चालू असताना एलडीएल खोटा कमी दिसतो. बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल मोजत नाहीत, तो हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगले' कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित चालत नाही. तेव्हा उपाशीपोटी पुन्हा तपासणी किंवा थेट मोजलेला एलडीएल हवा.

रिपोर्टच्या कडेला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा सगळ्यांना एकच असते, रुग्णाचे लक्ष्य मात्र त्याच्या धोक्यानुसार ठरते. २०१९ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अतिजोखमीच्या रुग्णात एलडीएल ५५ च्या खाली आणि मूळ आकड्याच्या निम्म्यावर हवा, जास्त जोखमीच्या रुग्णात ७० च्या खाली. हार्ट अटॅक येऊन गेलेल्याचा ९५ हा आकडा छापील मर्यादेत बसतो, म्हणून तो खूश होऊन गोळी सोडतो. अपेक्षेइतका आकडा उतरला नसेल, तर डोस वाढवण्याची सूचना करण्याआधी गोळ्यांचा हिशेब पाहा.

स्टॅटिनपलीकडची औषधे

कोलेस्टिरामिनची पूड आतड्यात इतर औषधेही पकडून ठेवते. बाकीच्या गोळ्या तिच्याआधी एक तास किंवा नंतर चार ते सहा तासांनी. एझेटिमाइब दोन तास आधी किंवा चार तास नंतर. बेम्पेडोइक अ‍ॅसिड १८० मि.ग्रॅ. घेणाऱ्याला संधिवाताचा गाउट प्रकार आहे का ते विचारा, कारण युरिक अ‍ॅसिड वाढते. टाच किंवा खांद्याच्या स्नायुबंधात अचानक कळ आली तर थांबवून डॉक्टरांकडे जायचे.

इव्होलोक्युमॅब आणि अलिरोक्युमॅब ही एलडीएल उतरवणारी इंजेक्शने फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नाही. बाहेर काढल्यावर मूळ खोक्यात, २५ अंशांपर्यंत, ३० दिवस चालतात. बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर लिहायला लावा. टोचण्याआधी किमान अर्धा तास बाहेर ठेवावे, गरम पाण्यात बुडवू नये, हलवू नये. जागा मांडी, दंड किंवा बेंबीभोवतीची दोन इंच जागा सोडून पोट, दर वेळी बदलून. इन्क्लिसिरान दवाखान्यात देतात: पहिले, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी. इंजेक्शन सुरू झाले म्हणून स्टॅटिन आपल्या मनाने सोडायचे नाही, हे इथे पुन्हा सांगावे लागते.

डॉक्टरांना कळवताना चार ओळी पुरतात: रुग्ण काय घेतो, गेल्या चार महिन्यांत किती टक्के दिवस घेतले, अडचण काय दिसली, आणि तुमची सूचना. उदाहरणार्थ: "सिम्व्हास्टॅटिन ४०, सोबत गेल्या महिन्यापासून अम्लोडिपिन ५. दोन्ही मांड्या तीन आठवडे दुखतात, लघवीचा रंग नेहमीचा. सीके तपासावा आणि सिम्व्हास्टॅटिनऐवजी रोसुव्हास्टॅटिनचा विचार व्हावा." त्याची एक प्रत रुग्णाच्या फाइलमध्ये लावायला द्या.